यालोव्याचं युरुयेन क्योश्क: चिनारासाठी सरकवलेलं घर

इस्तंबूलच्या मुक्कामात एक दिवस मोकळा काढता येत असेल तर यालोव्याला जरूर जा. मार्मारा समुद्राच्या दक्षिण काठावरच्या या शहरात तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक आणि पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल अतातुर्क यांचं दुमजली लाकडी घर आहे, आता संग्रहालय म्हणून जपलेलं. नाव ‘युरुयेन क्योश्क’, म्हणजे चालणारा बंगला. नाव शब्दशः खरं आहे.

किनाऱ्यावरचा एक प्रचंड चिनार अतातुर्कांच्या मनात भरला आणि त्याच्या शेजारी घर बांधायचं ठरलं. काश्मीरमध्ये आपण बघतो तोच हा वृक्ष. 21 ऑगस्ट 1929 ला काम सुरू झालं आणि 12 सप्टेंबरला घर तयार होतं. पुढच्याच वर्षी चिनाराची फांदी घराला लागायला लागली. माळी ती तोडायला निघाला तेव्हा अतातुर्कांनी अडवलं: फांदीला हात लावायचा नाही, घर हलवा.

हे काम इस्तंबूल नगरपालिकेच्या अभियंत्यांकडे आलं, प्रमुख होते अली गालिप अल्नार. पायाभोवतीची माती खोल खणून काढली, इस्तंबूलहून आणलेले ट्रामचे रूळ पायाखाली सरकवले आणि घर त्यांच्यावर घेतलं. 8 ऑगस्ट 1930 ला आधी बैठकीच्या दालनाचा भाग हलवला, पुढच्या दोन दिवसांत मुख्य इमारत. एकूण अंतर सुमारे 4.80 मीटर, पूर्वेकडे. लाकडी सांगाडा, आटोपशीर आकार आणि दोन टप्पे, यामुळे हे जमलं. अशा कामात धोका असतो तो रूळ समपातळीत नसण्याचा. एक कोपरा जरा खचला तरी चौकट तिरकी होते आणि काचा तडकतात. इथल्या दालनाला तर तीन बाजूंनी काचाच आहेत. ते उभं राहून बघितलं की त्या माणसांच्या कामाची खरी किंमत कळते.

म्हणून आल्या आल्या आत शिरू नका. आधी घराला बाहेरून पूर्ण फेरी मारा, चिनाराच्या बुंध्याशी थांबा आणि तिथून भिंतीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजा. मग आत जा. खाली बैठकीचं दालन, वर विश्रांतीची खोली आणि शयनगृह. खोल्या लहान, सामान बेताचं. राष्ट्राध्यक्षाचं घर म्हणून थाटमाट शोधाल तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. बाहेरच्या झाडाला मात्र तेवढाच वेळ द्यायला हवा. समुद्राकडची बाजू उत्तरेला असल्यामुळे दुपारी सावलीत जाते. फोटोसाठी उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ चांगली.

जायचं कसं? इस्तंबूलच्या येनिकापी धक्क्यावरून यालोव्याची जलद फेरीबोट सर्वांत सोयीची, साधारण सव्वा तास. येनिकापीला मेट्रो आणि मार्माराय (बॉस्फोरसखालून जाणारी रेल्वे) दोन्ही येतात. आशियाई बाजूला मुक्काम असेल तर पेंदिकहून बोट पकडा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारचं तिकीट आधीच काढून ठेवा. हिवाळ्यात ‘लोदोस’ नावाचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाची स्थिती बघायची आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवायचा नाही. बोट बंद असेल तर बसने जाता येतं. 2016 साली खुल्या झालेल्या ओस्मानगाझी पुलामुळे इझमितच्या आखाताला वळसा घालावा लागत नाही.

यालोव्याच्या धक्क्यावर टॅक्सीवाल्याला ‘युरुयेन क्योश्क’ एवढं सांगितलं तरी पुरतं. घर फळबाग संशोधन संस्थेच्या आवारात आहे. ही जमीन अतातुर्कांच्या मिल्लेत फार्मची. आपली शेतं त्यांनी 1937 मध्ये सरकारला देऊन टाकली, त्यात हीही होती. तुर्कस्तानातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि लहान ठिकाणी जेवणाची सुट्टीही होते. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करायला सांगा. आत फोटो काढायचे असतील तर तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा.

शाकाहारी असाल तर मसुराचं सूप, म्हणजे ‘मर्जिमेक चोरबासी’, सगळीकडे मिळतं. पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात करतात, म्हणून ‘एत सुयू वार मा?’ असं विचारूनच मागवा. चीज किंवा बटाटा घातलेलं ग्योझलेमे, म्हणजे तव्यावर भाजलेली भरलेली पातळ पोळी, हा पोटभरीचा दुसरा पर्याय.

दुपार हाताशी राहिली तर सुमारे 12 किलोमीटरवरच्या तेर्मालला दोल्मुशने, म्हणजे शेअर मिनीबसने, जा. तिथे गरम पाण्याची जुनी स्नानगृहं आहेत आणि 1929 मध्येच बांधलेलं अतातुर्कांचं दुसरं, बरंच मोठं घर. पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल सोबत ठेवा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळी धक्क्यावर उतरतानाच बघून घ्या, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते.