गुलमर्गच्या बर्फासाठी जळगावात तालीम

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या झळा सोसणाऱ्या जळगावकराने स्कीइंग शिकायला निघावं, याचं घरात आता कुणालाच नवल वाटत नव्हतं. फक्त अमळनेरची मावशी आली तेव्हा मी ओसरीवर भिंतीला पाठ लावून, गुडघे काटकोनात वाकवून थरथरत उभा होतो. "काय करी ऱ्हायना रे भो? शिक्षा दिन्ही का तुले कोनी?"

शिक्षाच ती. पण स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो आणि दिवसभर गुडघे वाकलेलेच असतात, त्यामुळे जिममध्ये दंड फुगवण्यापेक्षा ही भिंत बरी. जोडीला उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणं आणि संध्याकाळी मेहरूण तलावाला झपझप फेऱ्या. भरीत पार्ट्यांचा मोसम होता. त्या काही मी सोडल्या नाहीत.

गुलमर्गच्या बर्फाचा हल्ली भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथले उतार जवळजवळ उघडे पडले होते. २०२५ च्या तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. म्हणून आम्ही चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, उलटून गेल्यावरचा फेब्रुवारी धरला.

खरी गंमत कपड्यांची. आमची काळी माती कापसाची, अंगात बारमाही सुती बनियन. आणि बर्फात नेमका सूतच नको! सुती कापड घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही आणि थांबलात की अंग गार पडतं. जीन्सचंही तेच. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा अंगाला चिकटून बसणारा थर, वर फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार उबदार कापडाचा थर, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट, असा क्रम. फुले मार्केटमध्ये दुकानदाराने गरम म्हणून दोन-तीन जाड मोजे गळ्यात मारायचा प्रयत्न केला. बुटात एकच, पातळसर लोकरी मोजा घालायचा असतो. दोन घातले की वळ्या पडतात, पाय आवळला जातो आणि उलट जास्त गारठतो.

स्की आणि बूट विकत घेण्याच्या फंदात पहिल्या खेपेला पडू नये, भाड्याने मिळतात. गॉगल, हातमोजे आणि सनस्क्रीन मात्र आपले न्यावेत. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा हिस्सा परत तोंडावर फेकतो, तेव्हा उन्हाची सवय आहे ही आपली फुशारकी तिथे चालत नाही. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच टाच भिंतीला लावून कागदावर अंगठ्याच्या टोकाशी खूण केली. साडेसव्वीस भरलं.

जळगावहून झेलमने जम्मू, पुढे कटऱ्याहून श्रीनगरची गाडी. चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल बघायला अख्खा डबा खिडक्यांना चिकटला होता. टंगमर्गनंतरचे शेवटचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपने.

भाड्याच्या दुकानात पोराने बूट चढवून कड्या आवळल्या आणि पायाला प्लास्टर घातल्यासारखं वाटलं. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात, गुडघा पुढे वाकवला की टाच मागे सरकते आणि बोटं मोकळी होतात. हे माहीत नसलं तर माणूस उगाच एक नंबर मोठा बूट मागतो. मग त्याने वजन विचारलं. ते खरं सांगावं, कारण पडल्यावर स्की बुटापासून कितपत जोरात सुटावी, हे त्यावरून आणि उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, शिकाऊ की सराईत हे बघून स्क्रूने बसवतात. सैल राहिलं तर नको तिथे सुटते, फार घट्ट झालं तर गुडघ्यावर बेतते.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोप-वेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला ३,९०० मीटरच्याही वर नेतो. नवख्याने तिथे फिरायला जावं, स्की घेऊन नव्हे. आमची शाळा खाली, गोल्फ कोर्सजवळच्या बुटक्या उतारावर.

पहिले धडे पडण्याचे आणि उठण्याचे. पडायचं कुशीवर, हात न टेकता. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या, आपल्या खालच्या अंगाला. मग पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडा दाबून वेग मारायचा. सगळं कळत होतं, तरी उतार दिसला की अंग आपोआप मागे झुके आणि स्की पायाखालून पुढे पळत. उस्ताद ओरडे, "जनाब, आगे! पिंडली से बूट दबाओ!" नडगीने बुटाची जीभ दाबली, तेव्हा कुठे स्की ऐकू लागल्या. भिंतीने मांड्या तयार केल्या होत्या, पण भिंतीला टेकलेली पाठ मात्र इथे विसरावी लागली.

दुपारी खिशातल्या केळीच्या वेफर्सचा चुरा उस्तादांना दिला. त्यांनी तो आवडीने खाल्ला. डाव्या पायावर भार दिला की उजवीकडे वळता येतं, हे तोवर जमलं होतं. डावीकडचं वळण दुसऱ्या दिवसावर टाकून, बुटांचे आतले अस्तर काढून बुखारीपासून, म्हणजे खोलीतल्या काश्मिरी शेगडीपासून, हातभर लांब वाळत घातले.