डेक्सामेथासोन कधी द्यायचं?

करोनाच्या पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारणींना सावध करतात. हा इशारा उशिरा गेला की विषाणू फोफावतो, मागून मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे लोंढे येतात. खरी नासधूस या लोंढ्यांमुळे फुफ्फुसांत होते: केशवाहिन्या पाझरतात, वायुकोशांत पाणी भरतं, ऑक्सिजन घसरतो.

म्हणून पेशींचा हा हल्ला आवरणारं स्टेरॉइड डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. ब्रिटनच्या २०२०च्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारात ४१ टक्के, डेक्सामेथासोनवर २९. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. नुसत्या तापावर दुकानातून स्टेरॉइड आणू नका, ही कळकळीची विनंती. लढणाऱ्या पेशींचेच हात बांधले जातात, वर साखर चढते.