सोसायटीचा पुनर्विकास आणि महापालिकेतली फाइल : माझा अनुभव

पुनर्विकासात, म्हणजे जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी बांधताना, दोन कागद महत्त्वाचे. एक, आपला बिल्डरशी झालेला करारनामा. दुसरा, महापालिकेनं मंजूर केलेला नकाशा. करारनामा आपण शब्द न् शब्द वाचतो, वकिलाला दाखवतो, त्यावर सभा घेतो. इमारत मात्र उभी राहते ती नकाशाप्रमाणे. पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. या दोन कागदांत पडलेल्या फरकामुळे आमच्या तीन सभासदांची घरं लहान होणार होती. सध्या कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, कुठेही गेलं तरी गल्लीगल्लीत पाडकामाच्या जागांना पत्रे लागलेले दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बिल्डर निवडीपर्यंतचा टप्पा थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल माहिती भरपूर मिळते. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी शासनानं आदेश काढला. त्यात सांगितलं आहे: विशेष सर्वसाधारण सभेची चौदा दिवस आधी नोटीस, दोन तृतीयांश गणपूर्ती, निवडीच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी, सभेचं चित्रीकरण, आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लोकांची संमती. आमच्याकडे हे सगळं रीतसर झालं. करार नोंदवला, बँक गॅरंटी घेतली, बांधकाम परवानगी आली. पहिला मंजूर नकाशा आमच्या सल्लागारांनी करारासोबत ताडून पाहिला, तो तंतोतंत होता. मग आम्ही घरं रिकामी केली.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. पाडकाम झाल्यावर बिल्डरच्या आर्किटेक्टनं सुधारित नकाशा दाखल केला. पुनर्विकासात हे सर्रास होतं: टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) नंतर विकत घेतला जातो, मजले वाढतात, लिफ्टची जागा बदलते. त्यासाठी सोसायटीची नवी सही लागत नाही. करारासोबत आपण जे कुलमुखत्यारपत्र देतो, त्यात ‘नकाशे दाखल करणे, सुधारित करून घेणे’ असा अधिकार लिहिलेला असतो. त्या एका ओळीवर पुढचे सगळे प्रस्ताव जातात. आम्हाला सुधारित नकाशाचं कळलं ते साइटवर लावलेल्या फलकावरच्या परवानगीचा क्रमांक बदललेला एका सभासदानं पाहिला म्हणून.

बिल्डरकडे प्रत मागितली, तर ‘देतो, देतो’ चालू झालं. तेव्हा मी महापालिकेत गेले. पुण्यात तेव्हा एक फार चांगली सोय होती आणि ती पुष्कळांना माहीत नव्हती. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणीही नागरिक महापालिकेच्या खात्यात जाऊन फाइल बघू शकत असे. २००९ साली तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी हे सुरू केलं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं इतर स्थानिक स्वराज्य संस्थांनाही ते लागू केलं. फाइल बघून कोणती पानं हवीत त्यांचे क्रमांक टिपून घ्यायचे आणि मग माहिती अधिकारात नेमक्या त्याच पानांच्या प्रती मागायच्या. मोघम अर्जापेक्षा हे कितीतरी बरं. प्रस्तावाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर बरोबर न्यायचा, म्हणजे फाइल काढून द्यायला कर्मचाऱ्यांनाही सोपं जायचं.

नकाशा वाचायला मला आमच्या सल्लागारांच्या ऑफिसमधल्या मुलीनं शिकवलं. पाडायची जुनी इमारत पिवळ्या रेघांनी, नवं बांधकाम लाल रंगात, प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेनं. कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो. आपली नजर मोठ्या चित्राकडे जाते, पण पहिल्यांदा वाचायचा तो हा तक्ता, आणि त्यातही फ्लॅटनिहाय चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र, ज्याला आपण कार्पेट म्हणतो. करारात आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला ६०५ चौरस फूट कार्पेट लिहिलं होतं. नकाशात सगळं चौरस मीटरमध्ये असतं, म्हणजे तिथे ५६.२० दिसायला हवं होतं. सुधारित नकाशात एकावर एक असलेल्या तीन फ्लॅटसमोर ५३.१० होतं. तेहतीस चौरस फूट गेले होते. कुठे गेले तेही मजल्याच्या आराखड्यात दिसत होतं. बिल्डर बाहेर विकणार त्या फ्लॅटसाठी दुसरी लिफ्ट घेतली होती, तिला जागा करायला डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा) सरकवला होता. त्यामुळे या तीन स्वयंपाकघरांची पूर्वेची खिडकी आता डक्टमध्ये उघडत होती.

या तीन घरांपैकी एक आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचं. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, पण कार्पोरेशननं पास केलंय म्हणजे बघूनच केलं असेल ना?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सभासदाच्या मनात असतो. म्हणून तोच मी बांधकाम विकास विभागातल्या अभियंत्यांना विचारला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. महापालिका तपासते ते जागेची मालकी, नियमावली, एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), रस्त्याची रुंदी, पार्किंग. सोसायटीनं बिल्डरशी किती कार्पेट ठरवलं हे तपासायचा अधिकारच त्यांना नाही. डक्ट नियमात बसतो, खोल्यांची मापं नियमात बसतात, अर्ज करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे, मग प्रस्ताव मंजूर होणारच. दुसऱ्या बाजूला उपनिबंधकांचा प्रतिनिधी बिल्डर निवडीच्या सभेपुरता. पुढचे नकाशे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. करार आणि नकाशा शेजारी ठेवून पाहणारं सरकारी टेबल कुठलंच नाही. ते काम सोसायटीलाच करावं लागतं.

आम्ही विशेष सभा बोलावली, दोन्ही कागदांचा तुलनात्मक तक्ता सगळ्यांसमोर ठेवला आणि ठराव केला. बिल्डरला कराराच्या कलमाचा हवाला देऊन नोटीस दिली, बांधकाम विभागाला ठरावाची प्रत दिली. बिल्डरचं पहिलं उत्तर होतं की फरकाचे पैसे देऊ. काकूंनी भर सभेत सांगितलं, “पैसे नकोत, मला खिडकी हवी आहे.” बाकीचे एकवीस सभासद, ज्यांचं काही बिघडलं नव्हतं, तेही त्यांच्या मागे उभे राहिले. त्यांनी पाठ फिरवली असती तर नोटिशीला वजनच राहिलं नसतं. शेवटी लिफ्टची जागा बदलून पुन्हा सुधारित नकाशा दाखल झाला. तो मंजूर झाल्यावर ५६.२० हा आकडा मी स्वतः फाइलमध्ये पाहून आले. त्याचबरोबर पुरवणी करारनामा नोंदवून घेतला: कोणताही नकाशा सोसायटीच्या लेखी मान्यतेशिवाय दाखल करायचा नाही, आणि जोते तपासणीच्या (महापालिका जोत्यापर्यंतचं काम तपासते त्याच्या) आधी सोसायटीच्या सल्लागारांनी जागेवर मापं घ्यायची. कुलमुखत्यारपत्रातही तशी दुरुस्ती केली. तुमच्या सोसायटीचा करार अजून व्हायचा असेल तर ही दोन वाक्यं पहिल्याच मसुद्यात घाला.

हे सगळं चालू असताना महापालिकेत नगरसेवक नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात स्थायी समिती आणि मुख्य सभा, दोन्हींचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते. शहरात जुन्या इमारती झपाट्यानं पाडल्या जात होत्या तो हाच काळ. नगरसेवक असले की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चढवता येत नव्हता, आणि त्याच वर्षी स्थायी समितीनं सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय घेतला तेव्हा शहरात मोठा वाद झाला. पण तो वाद होऊ शकला, कारण विषय समितीसमोर आला होता, वर्तमानपत्रांत छापून आला होता, नागरिकांना बोलायला जागा होती. सभागृहच नसेल तर प्रश्न विचारायचा तरी कोणाच्या मार्फत?

आता सभागृह आहे. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं आहे. मागणी दोन गोष्टींची आहे. सोसायटीच्या जागेवर सुधारित नकाशा दाखल झाला की महापालिकेनं अध्यक्ष आणि सचिवांना लेखी कळवावं, हरकतीला पंधरा दिवस द्यावेत. आणि प्रभागात महिन्याभरात मंजूर झालेल्या सुधारित नकाशांची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी. दोघांनी हा विषय शहर सुधारणा समितीपुढे मांडायचं कबूल केलं आहे. ज्या सोसायट्यांना असंच पत्र द्यायचं असेल त्यांना मसुदा द्यायला मी तयार आहे.