नडगीचं हाड, सायकल आणि अडकलेला फॉर्म

धावणं आणि सायकल दोन्ही करणाऱ्या माणसाला धावताना दुखापत झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "मग काय, सायकल आहे की!" मलाही भेटेल तो हेच सांगत होता. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि राहिलेला अर्धा भाग माहीत नसेल तर तीच दुखापत पुन्हा गाठते. तो भाग मला एका फिजिओने समजावला. तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी मात्र मी एका तपासणीत आणि एका फॉर्मात अशी अडकले, की त्याचा मनस्ताप दुखण्याहून जास्त झाला.

हंगामाची दोन उद्दिष्टं होती. आधी हाफ मॅरेथॉन आणि काही आठवड्यांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे शर्यत कुणाशीच नसते, न थकता चालवत राहायचं असतं. हाफ मॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरमध्ये मात्र मला माझी जुनी वेळ मोडायची होती. सराव छान चालला होता, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मग डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग जिना उतरताना. जिन्यावर दुखलं तेव्हाच धावणं बंद केलं. तरी रात्री कुशीवर वळताना ठणका जाणवायला लागला. शिन स्प्लिंट्स, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीत होणारं नेहमीचं दुखणं, असेल तर दुखणं हाडाच्या कडेने पसरलेलं असतं, पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात. माझं एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत होतं. तिथे दाबलं की कळ, आणि त्या पायावर एक उडी मारली की तिथेच कळ. एकाच जागी दुखणं, उडीला दुखणं आणि रात्री दुखणं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की हाडालाच ताणाची इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून मी फिजिओकडे न जाता थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

एक्स-रे काढला. फ्रॅक्चर दिसत नाही, असा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "हाड ठीक आहे. थोडे दिवस आराम करा, दुखायचं थांबलं की सुरू करा." मी विचारलं, चालायचं का? सायकल चालवू का? सुरू करायचं म्हणजे किती करायचं? तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

सगळा घोळ इथून सुरू झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते. हाडावर वारंवार ताण येऊन जी इजा होते, ती सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसतच नाही. हाड स्वतःला सांधायला लागतं, तिथे नवं हाड जमतं, तेव्हा कुठे खूण उमटते, आणि काहींच्या बाबतीत ती कधीच उमटत नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज लवकर दिसते. इजा किती खोल आहे यावरून १ ते ४ अशी श्रेणी लावता येते, आणि किती आठवडे थांबायचं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. म्हणजे स्वच्छ एक्स-रेवरून एवढंच कळतं की हाड उघड मोडलेलं नाही. धावायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. माझ्या हातात मात्र तेवढाच कागद होता.

इकडे हाफ मॅरेथॉनची तारीख जवळ येत होती. नोंदणी पुढच्या वर्षीवर ढकलायची सोय होती, तिला ते डिफरल म्हणतात. अट अशी की ठरावीक तारखेच्या आत डॉक्टरांचं प्रमाणपत्र अपलोड करायचं आणि त्यावर निदान लिहिलेलं हवं. मी दवाखान्यात प्रमाणपत्र मागितलं. मिळालं, पण त्यावर लिहिलं होतं, 'डाव्या पायात वेदना'. आयोजकांनी ते परत पाठवलं: निदान नमूद नाही. मी पुन्हा दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, एक्स-रे नॉर्मल आहे, मग निदान काय लिहायचं? एमआरआयसाठी चिठ्ठी द्या म्हटलं, तर एक्स-रे नॉर्मल असताना एमआरआय कशाला, असं उत्तर मिळालं. चिठ्ठी शेवटी मिळाली, बरीच हुज्जत घातल्यावर. एमआरआयची तारीख पडली ती डिफरलच्या मुदतीनंतरची.

मग मी आयोजकांना नीट पत्र लिहिलं. हाडाच्या इजेची शंका आहे, तपासणीची तारीख ही, तिची पावती सोबत जोडली आहे, रिपोर्ट आला की लगेच पाठवते, तोवर माझा अर्ज प्रलंबित ठेवा. उत्तरात आधीचाच मजकूर जसाच्या तसा आला. फोन लावला. पलीकडची मुलगी सौजन्याने बोलत होती, पण तिच्या स्क्रीनवर दोनच पर्याय होते, मंजूर आणि नामंजूर. मुदत संपली आणि नोंदणी बुडाली.

पैसे गेले याचं दुःख आहेच, पण माझा आक्षेप वेगळा आहे. हा नियम पाय उघड मोडलेल्या माणसासाठी बनवलेला आहे. ताणाने होणाऱ्या इजेत सगळं महत्त्व लवकर थांबण्याला असतं, आणि लवकर थांबणाऱ्याच्या हातात त्या वेळी निदान नसतं. अशा वेळी नोंदणी बुडणार म्हटल्यावर माणूस काय करेल? वेदनाशामक गोळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहील. मला दोघांनी चांगल्या मनाने हाच सल्ला दिला. गोळीने वेदना दबते, हाडावरचा भार तेवढाच राहतो, आणि दुसऱ्या श्रेणीची इजा चौथ्या श्रेणीपर्यंत म्हणजे प्रत्यक्ष भेगेपर्यंत जाऊ शकते. स्पर्धा भरवणारे लोक स्वतः धावणारे असतात. त्यांनी हे ओळखायला हवं, असं मला आजही मनापासून वाटतं.

कुणी याच कोंडीत सापडलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टरांना खात्रीचं निदान लिहिता येत नसलं तरी शंका लिहिता येते. 'हाडाच्या ताणजन्य इजेची शंका, तपासणी चालू, तोवर धावण्यास मनाई' एवढं वाक्य पुरतं. पुढे मी ज्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ते विचारल्याबरोबर लिहून दिलं. तोवर उशीर झाला होता, पण वाक्य उपयोगी आहे.

एमआरआयच्या रिपोर्टवर दुसरी श्रेणी निघाली. जागा नडगीच्या हाडाची आतली-मागची कड, जी त्यातल्या त्यात लवकर भरणारी समजतात. नडगीच्या पुढच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी किंवा पावलाच्या मधल्या हाडात अशी इजा झाली तर मामला गंभीर असतो. तिथे दुखत असेल तर कुणाच्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही.

रिपोर्ट वाचून मला चक्क हायसं वाटलं. इतके दिवस मी सांगत होते ते खरं होतं, आणि आता त्याला इलाज होता.

सायकल या सगळ्या काळात चालू होती, पण आधी तीही सुखाची नव्हती. पेडल मारताना काही दुखायचं नाही, कारण अंगाचं वजन सॅडलवर असतं. दुखायचं ते थांबताना. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, सोडवायला टाच बाहेर झटकावी लागते, आणि त्या एका पिळाला नडगीत नेमकी त्याच जागी कळ जायची. सिग्नलला थांबायचं म्हटलं की आधीपासून दात आवळले जायचे. फिजिओने पहिल्याच भेटीत क्लीट काढायला लावले. साधे सपाट पेडल लावले आणि तो प्रश्न मिटला. चढावर उभं राहून चालवायचं नाही, हलका गिअर टाकून बसूनच चढायचं, आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, नव्वदच्या आसपास ठेवायचा, एवढे नियम तिने घालून दिले.

राहिलेला अर्धा भागही तिनेच सांगितला. सायकलने हृदय आणि फुप्फुसं तयार राहतात, हाड राहत नाही. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-तीनपट धक्का येतो आणि हाड त्या धक्क्यामुळेच मजबूत होतं. सायकलवर तो धक्काच नसतो. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्या स्पर्धकांच्या हाडांची, विशेषतः कण्याच्या हाडांची, घनता कमी आढळते ती त्यामुळे. आता बघा काय होतं. दुखापतीच्या काळात तुम्ही मनोभावे सायकल चालवता, दम जराही कमी होत नाही. परत धावायला जाता तेव्हा श्वास म्हणतो, दहा किलोमीटर सहज जाऊ. नडगीची तयारी मात्र दहा मिनिटांची असते. अजिबात व्यायाम न करणारा माणूस परतताना धाप लागून आपोआप थांबतो, आपल्याला तो लगाम राहत नाही. घड्याळातला सरावाचा एकूण आकडाही इथे फसवतो. त्यात सायकलचा तास आणि धावण्याचा तास एकाच बेरजेत पडतात, हाडाच्या लेखी ती बेरीज चालत नाही.

परत धावायची सुरुवात चालण्यातून झाली. अर्धा तास झपझप चालून त्या वेळी दुखलं नाही, रात्री दुखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाबूनही दुखलं नाही, तर पुढची पायरी. मग एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, तेही एक दिवसाआड. मधल्या दिवशी सायकल. मग दोन आणि तीन, मग तीन आणि दोन. वेगाला हात लावायचा नाही, आधी मिनिटं वाढवायची. पावलं थोडी आखूड आणि जलद टाकायची, नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के. त्याने प्रत्येक पावलाचा भार कमी होतो. जिथे अडलं तिथे एक पायरी खाली यायचं. मी एका पायरीवर बराच काळ अडले, आणि तेव्हा मला सर्वांत जास्त राग आला तो माझ्या चांगल्या दमाचा.

ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणं, या काळात पूर्ण वर्ज्य. पोटरीचे स्नायू धक्का झेलतात. ते सायकलने थकलेले असले की तो धक्का हाडावर जातो. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर आधी ताज्या पायांनी धावा, मग सायकल. धावण्याच्या एका मोठ्या टप्प्याऐवजी सकाळ-संध्याकाळ दोन छोटे घेतले तरी चालतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की सलग भाराला हाडाच्या पेशी लवकर दाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा देतात.

पोटरीचा व्यायाम सांगायचा राहिला. गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे टाच उचलायची. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार बहुतेक जण गाळतात, आणि पोटरीचा आतला स्नायू त्यानेच तयार होतो. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग हातात वजन घेऊन.

फिजिओने आणखी एक प्रश्न विचारला होता, जो त्याआधी कुणीच विचारला नव्हता: पाळी नियमित येते का, आणि लांब राइडच्या दिवशी किती खाता? बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी आणि हाडं यांच्यावर कात्री चालवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आणि ती पुरुषांनाही होते हे मांडलं. धावणं बंद म्हणून सायकलचे तास वाढवायचे आणि वजन वाढेल या धास्तीने जेवण कमी करायचं, असं करणाऱ्या कितीतरी जणी माझ्या माहितीत आहेत. हाड भरत असताना पोटभर खाल्लंच पाहिजे.

ब्रेव्हे मी डॉक्टरांना विचारून केली, सपाट पेडलवर, सगळे चढ बसून, ठरल्या वेळेला खात. मुदतीच्या बऱ्याच आधी पोहोचले. त्याचा मला हाफ मॅरेथॉनच्या कुठल्याही वेळेपेक्षा जास्त अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते नडगी दाबून पाहण्याचं. दुखली नाही.

सायकलवर हार्ट रेटचे झोन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवरून ठरवलेले सोप्या-कठीण सरावाचे टप्पे, धावण्याचेच वापरू नका. बहुतेकांचा सायकलवरचा कमाल आकडा धावण्यापेक्षा पाच-दहा ठोक्यांनी कमी असतो. धावण्याचे झोन लावले तर सोपी राइडही कठीण होऊन बसते आणि मधला विश्रांतीचा दिवस विश्रांतीचा राहत नाही.

पुढच्या हाफ मॅरेथॉनसाठी वेगळी स्पर्धा निवडली आहे. या वेळी मार्गाचा नकाशा बघण्याआधी डिफरलचं कलम वाचलं. तिथे धावण्यास मनाई असल्याचं डॉक्टरांचं पत्र पुरतं, निदानाची अट नाही. सलग तासभर धावणं दोन आठवडे न दुखता जमलं की नोंदणी करणार आहे. सध्या चाळीस मिनिटांवर आहे.