पोत्याच्या वर सात, तळाला सत्तावीस

मिठाच्या एकाच पोत्यातून काढलेले दोन नमुने होते. वरच्याला ब्युरेटवर, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीवर, 0.7 मिली द्रावण लागलं, तळाच्याला 2.6. आमच्या पद्धतीत या आकड्याला 10.58 ने गुणलं की आयोडीन किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते कळतं. वर साधारण 7, तळाला 27. किरकोळ विक्रीच्या खायच्या मिठात कमीत कमी 15 लागतं. म्हणजे तेच पोतं वरून नापास, खालून पास.

दोन्ही नमुने पुन्हा लावले. 10 ग्रॅम मीठ 50 मिली पाण्यात, थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल, मग 10 टक्के पोटॅशियम आयोडाइडचं 5 मिली द्रावण. फ्लास्क झाकून 10 मिनिटं अंधारात ठेवायचा. उजेडात आयोडाइडमधूनच आयोडीन सुटतं आणि आकडा खोटा वाढतो. नंतर ब्युरेटमधून 0.005 नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबानं. सुटलेल्या आयोडीनचा पिवळा रंग अगदी फिका झाल्यावरच स्टार्च घालायचा. घाईनं आधी घातला तर ते आयोडीन धरून बसतं आणि शेवटचा थेंब नेमका पकडता येत नाही. स्टार्चनं आलेला निळा-जांभळा रंग गेला की थांबायचं. आकडे तेच आले.

मग गोदाम गाठलं. परभणी जिल्ह्यातलं, ठोक व्यापाऱ्याचं. भर पावसाळा, पत्र्याचं छप्पर, आणि खड्या मिठाची विणलेली पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकवून रचलेली. थप्पीखाली खारं पाणी साचलं होतं. ‘मॅडम, पाणी तर दरसाली सुटायलंय. मिठाला काय व्हायलंय? ते काय नासतंय का?’ दुकानदाराचा प्रश्न मनापासूनचा होता. मी त्या ओलाव्यातले थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर तपासणी संचातलं द्रावण टाकलं. क्षणात गडद जांभळं. पोत्यातलं आयोडीन फरशीवर उतरलं होतं.

मिठात आयोडीन म्हणून जे घालतात ते पोटॅशियम आयोडेट. आयोडाइडपेक्षा ते कितीतरी टिकाऊ, पण पाण्यात विरघळतं. कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या मिठावर त्याच्या द्रावणाचा फवारा मारतात, म्हणजे ते खड्याच्या आत नसतं, अंगावर असतं. मीठ ओलावलं की पहिल्यांदा तेच सुटून ओलाव्याबरोबर खाली झिरपतं. आधी पोत्याचा वरचा भाग रिकामा होतो, तळाला साचतं, मग विणीतून बाहेर पडतं. त्यामुळे नमुना पोत्याच्या एकाच जागेवरून घेणं मला चुकीचंच वाटतं. वरून, मधून, तळातून काढून ते वेगवेगळे तपासावेत.

पण मीठ इतकं ओलं का झालं? शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी धरतं. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात. आपल्याकडचा कोरडा दिवसही त्याला चालतो. या नमुन्यात मॅग्नेशियम बरंच निघालं. त्याचं मूळ गोदामात नाही, मिठागरात आहे.

खारं पाणी किती जड ते बोमे अंशांत मोजतात; समुद्राचं पाणी सुमारे 3 ते 3.5 अंशांचं असतं. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत उन्हानं आटवतात. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे आगरिया लोक जमिनीखालचं खारं पाणी उपसतात. ते मुळातच समुद्रापेक्षा बरंच जड असतं. पाणी आटताना आधी कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, आणि 25 अंशांच्या आसपास मीठ खडे धरू लागतं. 29 च्या सुमारास उरलेलं कडवट पाणी काढून टाकावंच लागतं, कारण मॅग्नेशियमचे क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते काढायला उशीर केला, किंवा रास नीट निथळू दिली नाही, तर तो कडवटपणा खड्याला चिकटून ट्रकनं मराठवाड्यापर्यंत येतो आणि पहिल्या पावसात पोत्याला पाझर फुटतो.

त्याच गोदामातल्या एक किलोच्या बंद प्लास्टिक पिशव्यांत 23 पीपीएम निघालं. हवा तीच, दमटपणा तोच; पिशवीत ओल शिरायला वाट नव्हती आणि आयोडेटला निघायला जागा नव्हती.

खडं मीठ घरी धुऊन वापरायची सवय आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आहे. माती जाते हे खरं, पण आयोडेटही त्याच पाण्याबरोबर जातं. खड्याचंच हवं असेल तर आयोडीनयुक्त लिहिलेलं, बंद पिशवीतलं घ्यावं, आणि ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून लांब ठेवावं.

दुकानदारानं शेवटी विचारलं, ओलं मीठ उन्हात वाळवून विकलं तर चालेल का? खायला नाही. वाळवल्यानं पाणी जाईल, गेलेलं आयोडीन परत येणार नाही. 30 पीपीएम आयोडीनसाठी टनाला सुमारे 50 ग्रॅम आयोडेट लागतं. इतकी चिमूट टनभर मिठात सारखी पसरवायची तर फवाऱ्याची यंत्रणाच हवी, फावड्यानं ते होत नाही. ओली पोती खाण्याच्या मालातून वेगळी काढायला लावली. उरलेली लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून त्याच दुपारी रचून घेतली.