शुक्रवारची सफरचंदं

परवा आत्याचा फोन होता, म्हणे अमेरिकेतली पोरं काय गं गलेलठ्ठ, खायला उतू जातंय ना तुमच्याकडे. मी हो हो केलं नि विषय बदलला, पण मिसिसिपी डेल्टात आम्ही राहतो तिथे उतू जाण्यासारखं काही नाहीये. डॉक्टर टिकत नाहीत अशा गावात 3 वर्षं काढायची ही माझ्या डॉक्टर नवऱ्याच्या व्हिसाची अट, म्हणून इथे. चहूकडे कापूस नि सोयाबीन, अगदी माहेरी आल्यासारखं, पण गावात भाजी मिळत नाही. एक डॉलर स्टोअर आहे, चिप्स, सोडा, डब्यातलं मांस. पालेभाजी हवी तर 30 मैल जा, आणि गाडी सगळ्यांकडे कुठेय.

लेक दुसरीत आहे. तिच्या शाळेत आईबाबांना मुलांसोबत जेवायला बसू देतात, तर गेले एका शुक्रवारी. जेवण सगळ्यांना फुकट. गरीब घरं जास्त असतील तर अख्ख्या शाळेलाच फुकट द्यायचं, घरोघरी फॉर्म भरून घ्यायचे नाहीत, ही सोय 2014 पासून देशभर आहे. ते बरंय, नाहीतर फुकटवाला कोण हे पोरांना बरोब्बर कळतं. मिशेल ओबामांनी लावून धरलेल्या 2010 च्या कायद्यामुळे 2012 पासून ताटात अर्धा कप फळ किंवा भाजी घ्यावीच लागते. (पिझ्झावरचा टोमॅटो सॉस पण भाजीत धरतात हं, 2011 ला ते बदलायला निघाले होते तर इथल्या संसदेने होऊ दिलं नाही. हसावं की रडावं!)

घ्यावी लागते, खावी लागत नाही. बीन्स तर निम्म्या पोरांनी सरळ कचऱ्यात टाकल्या, माझा जीव तुटत होता.

लेकीशेजारी एक गुबगुबीत मुलगी होती, तिने सफरचंद न खाता हळूच जॅकेटच्या खिशात घातलं. मग नको असलेलं ठेवायला एक टेबल असतं, शेअर टेबल म्हणतात, तिथून अजून एक उचललं, दुसऱ्या खिशात. वाढणाऱ्या बाईंनी पाहिलं आणि लगेच ट्रे पुसायला लागल्या.

गाडीत लेक म्हणाली, "अगं ती दर शुक्रवारी नेते, भाऊ लहान आहे ना तिचा, शाळेत नाही येत."

म्हणजे सोमवारपर्यंत डॉलर स्टोअरच. आत्याला हे फोनवर कसं सांगू?

पुढच्या शुक्रवारी मी 2 डझन केळी घेऊन गेले त्या टेबलासाठी, तर ऑफिसातच अडवलं, घरून आणलेलं चालत नाही म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे रोज शिकरण आहे.