तिकालला जंगलातच राहिलो, आणि घरचं झाड भेटलं

ग्वाटेमालाचं ठरलं तेव्हाच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, तिकालला, म्हणजे तिथल्या जंगलातल्या माया लोकांच्या प्राचीन शहराला, डे ट्रिप नाही करायची, राहायचं तर तिथल्या नॅशनल पार्कच्या आत. बहुतेक लोक फ्लोरेसला राहतात, तळ्यातलं छोटंसं बेट आहे ते, आणि तिथून व्हॅनने साठ-पासष्ट किलोमीटर येतात. पार्कात हॉटेलं अगदी मोजकी, पण संध्याकाळी व्हॅन निघून गेल्या की जी शांतता होते ना, तिच्यासाठीच तिथे राहावं.

रूम साधी, दोन पलंग, मच्छरदाणी, पंखा. रात्री दहाला जनरेटर बंद म्हणजे पंखाही बंद, त्यामुळे टॉर्च उशाशी ठेवा. गरम पाणी पहिल्या दिवशी आलंच नाही, दोनदा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. पहाटे साडेतीनला बाहेर असली गर्जना सुरू झाली की मी नवऱ्याचा हात घट्ट धरून उठून बसले, वाटलं जग्वारच आला. हाउलर माकडं होती! एवढ्याशा माकडाचा एवढा आवाज, खरंच विश्वास बसत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. सकाळी रूमबाहेर एक झाड दिसलं, पानं फांदीच्या टोकाला झुपक्याझुपक्याने, खाली पडलेलं पान चुरगाळलं, देठातून पांढरा चीक आला. माझं माहेर घोलवडचं, बाबांची चिकूची वाडी, हे झाड मी झोपेतही ओळखेन. फक्त आमच्याकडे फांद्या हाताला लागतात आणि हे सरळ आभाळात गेलेलं. गाईडकाका म्हणाले, चिकोसापोते. चिकूच! मूळ गावच त्याचं हे, मेक्सिको आणि मध्य अमेरिका. खोडावर वाकड्यातिकड्या जुन्या खाचा होत्या त्यावर त्यांनी बोट फिरवून दाखवलं, पावसाळ्यात त्यातून चीक काढायचे, उकळून त्याच्या वड्या करायचे आणि त्या च्युइंगगमसाठी अमेरिकेला जायच्या. काकांचे वडील हेच काम करायचे.

मग देवळांकडे गेलो. पहिलं मंदिर ४७ मीटर उंच, आठव्या शतकातलं, खाली हासाव चान काविल राजाची कबर सापडली. आणि या देवळांच्या दारांवरच्या तुळया कसल्या, तर चिकूच्या लाकडाच्या! वर एवढा चुनखडीचा डोलारा, खाली हे लाकूड, बाराशे वर्षं पाऊस आणि वाळवी झेलून काही तुळया अजून टिकल्यात. काहींवर राजाची, देवांची कोरीवकामं आहेत. चौथ्या मंदिरातल्या सगळ्यात सुंदर तुळया एकोणिसाव्या शतकातच काढून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडला बाझलच्या म्युझियममध्ये आहेत. ऐकून वाईट वाटलं मला, कितीही नीट जपल्या असल्या तरी.

दुसऱ्या पहाटे त्याच चौथ्या मंदिरावर चढलो, ६५ मीटर, लाकडी जिन्याने. धुकं एवढं होतं की सूर्य दिसलाच नाही, पण हळूहळू धुक्यातून बाकी देवळांचे माथे वर आले आणि सभोवार सगळं हिरवं, आणि त्या हिरव्यात कितीतरी चिकू असणार हे आता माहीत होतं. कुणीच बोलत नव्हतं.

खाली येऊन वायफाय मिळाल्याबरोबर बाबांना खाचा असलेल्या खोडाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला, "अगं, त्यांना विचार, एवढ्या खाचा मारल्यावर त्या वर्षी फळ धरतं का?"